दुसरं घर आणि त्याचा धंदा : प्रस्तावना

दुसरं घर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एरियाचा. वाकडला घेऊ की खराडीला? मग बिल्डरचा, मग मजल्याचा, मग पार्किंगचा, आणि पाच वर्षांत भाव किती वाढेल हा प्रश्न तर सगळ्यांत हौसेने. भाडं किती येईल हे तो एजंटला विचारतो आणि एजंट सांगेल तो आकडा धरून चालतो. त्या भाड्यातून वर्षअखेर हातात काय उरणार, हे विचारायचं सुचतं ते चावी हातात आल्यावर, घर दोन-तीन महिने रिकामं पडल्यावर आणि सोसायटीचं पहिलं बिल आल्यावर.

या पुस्तकात जमवलेले प्रश्न असे पुढे-मागे झालेलेच होते. ते विचारणारे बहुतेक पहिल्यांदाच या वाटेला आलेले: तिशीतलं नोकरदार जोडपं, निवृत्तीची रक्कम नुकतीच हातात पडलेले शिक्षक, अमेरिकेतून आई-वडिलांच्या नावे चौकशी करणारा मुलगा, एमआयडीसीलगतच्या गावातला शेतकरी. पुस्तकात मी त्यांचा क्रम मुद्दाम उलटा केला आहे. आधी हिशेब, मग करार, मग राहायला येणारा माणूस, आणि एरिया सगळ्यांत शेवटी. एरियाला महत्त्व नाही असं नव्हे. पण हिशेब कळलेला माणूस एरिया स्वतःच पारखू शकतो. एरियाच्या प्रेमात पडलेला माणूस हिशेब करत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की, भाड्याने देण्यासाठी घर घेणं हा धंदा आहे. छोटा असेल, एकाच गिऱ्हाइकाचा असेल, पण धंदाच. आपल्याकडे त्याला ‘गुंतवणूक’ म्हणतात आणि मग सोन्याच्या बांगड्यांसारखं ते कपाटात ठेवून विसरायची सोय आहे असं समजतात. घर विसरू देत नाही. त्याचा नळ गळतो, त्याचा गिझर जळतो, त्यात राहणाऱ्याची बंगळुरूला बदली होते, आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी आपल्या छतातून झिरपतं.

प्रश्न कुठलाही असो, त्याच्या तळाशी एक भीती असते. भाडेकरू घर बळकावणार तर नाही ना? ही भीती वेडगळ नाही, तिला इतिहास आहे. मुंबईत एके काळी चाळ बांधून खोल्या भाड्याने देणं हा पैसेवाल्यांचा प्रतिष्ठित व्यवसाय होता. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या कितीतरी चाळी उभ्या राहिल्या त्या भाड्याच्या उत्पन्नासाठी. पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आलं. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. सिमेंट महागलं, मजुरी वाढली, महापालिकेचे कर वाढले. भाडं होतं तिथेच राहिलं. मग मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडायचं सोडलं, आणि दोघांच्या मध्ये पागडी नावाचा रोखीचा व्यवहार उभा राहिला. पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांचंही तेच झालं. महिना पाच-दहा रुपये भाड्यात तीन पिढ्या नांदल्या आणि वाड्याचा मालक पावसाळ्यात कौलं शाकारायला पैसे नाहीत म्हणून हात वर करून बसला. भाडेकरूंना संरक्षण नको होतं असं मी म्हणणार नाही. युद्धानंतरच्या आणि फाळणीनंतरच्या मुंबईत ते नसतं तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण तात्पुरता म्हणून आणलेला उपाय अर्धशतक चालला आणि भाड्यासाठी घर बांधणारा वर्गच त्याने संपवला.

मालकांनी त्यातून एक पळवाट काढली होती. भाडेपट्टा करायचाच नाही, फक्त राहायची परवानगी द्यायची. म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. सरकारने तीही बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर जे राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू ठरवलं. ज्या घरांनी हे सोसलं, तिथल्या आजोबांनी ‘घर रिकामं ठेव, पण भाड्याने देऊ नकोस’ असं नातवाला बजावलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी ठरवलं आणि मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने बरंचसं तसंच ठेवलं. नव्याने घर देणाऱ्यासाठी मात्र कलम २४ आणलं, आणि आजचा सगळा व्यवहार त्याच कलमावर उभा आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने दिलेल्या घराची मुदत संपली की राहणाऱ्याने घर सोडायचं. सोडलं नाही तर मालकाने नेहमीच्या दिवाणी दाव्यात न शिरता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो बसून राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट. करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. आजोबांच्या काळात यातलं काहीही नव्हतं.

याच भीतीचं दुसरं रूप म्हणजे ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही समजूत. ती गावोगाव ऐकू येते, त्यामुळे पुस्तकात तिला स्वतंत्र जागा दिली आहे. बारा वर्षांची मुदत लागते ती मालकाच्या विरोधात, त्याचा हक्क झुगारून ठेवलेल्या ताब्याला. तुमच्या परवानगीने, तुम्हाला दरमहा पैसे देऊन राहणाऱ्याचा ताबा तसा नसतो. म्हणून दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलण्याची गरज नाही. चांगला माणूस सात-आठ वर्षं राहत असेल तर राहू द्यावा. करार तेवढा वेळच्या वेळी नवा करावा.

अकरा महिन्यांचं गौडबंगालही इथेच उलगडलेलं बरं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी टाळायला म्हणून अकरा महिने, ही देशभरची जुनी युक्ती. महाराष्ट्रात तिचा काडीचा उपयोग नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग मुदत कितीही असो. आणि ही जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिक्षेपेक्षाही मोठी मेख पुढे आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तरीही पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून, कोर्टाबाहेरच्या नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद लोक जपून ठेवतात आणि ‘अॅग्रीमेंट केलंय’ म्हणून निश्चिंत होतात.

आणि हे कशासाठी, तर हजार-दोन हजार रुपये वाचवायला. भाडं २५,००० रुपये, परत करायची अनामत एक लाख आणि मुदत २४ महिने असेल तर हिशेब असा: एकूण भाडं सहा लाख, अनामतीवर दर साल दहा टक्क्यांनी मानीव व्याज वीस हजार, आणि या ६,२०,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १,५५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. हे दोघांत निम्मं-निम्मं वाटून घ्यायची पुण्या-मुंबईत रीत आहे. आता तर निबंधक कार्यालयात रांगेत उभं राहायचीही गरज नाही. आधार आणि बोटाचा ठसा घेऊन घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते आणि ती करून देणारे घरी येतात. दोन्ही पक्षांची तयारी असेल तर साठ महिन्यांपर्यंतचा करार याच पद्धतीने करता येतो.

आता हिशेबाकडे. सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: ‘भाड्यातून हप्ता निघेल ना?’ एक उदाहरण मांडतो. आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घालून बघा. पुण्याच्या पश्चिम भागात ८० लाखांचा टू बीएचके घेतला. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर बाईच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सूट. नोंदणी फी ३० हजार. एजंटचे एक टक्क्याने ८० हजार. किचन ट्रॉल्या, पंखे, गिझर, जाळ्या, पडदे, एक-दोन कपाटं यांत सव्वादोन-अडीच लाख सहज जातात, कारण मोकळ्या भिंतींना भाडेकरू मिळत नाही. घर पडलं ८९ लाखांना. भाडं मिळतं २६,०००. वर्षात सरासरी एक महिना घर रिकामं राहील असं धरा; हे सढळ नाही, वाजवी आहे. म्हणजे ११ महिन्यांचे २,८६,०००. दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि एजंटला एक महिन्याचं भाडं दिलं तर वर्षाला १३ हजार. मेंटेनन्स, त्यावर भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनवापर शुल्क धरून, ४४ हजार. मिळकतकर १५ हजार. रंग, प्लंबर, मोटर, किरकोळ दुरुस्ती यांची वर्षाची सरासरी २० हजार. उरले १,९४,०००. घातलेल्या पैशावर हे सव्वादोन टक्केही होत नाहीत.

हप्त्याचं काय? ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण ५२ हजार. खर्च वजा जाता भाड्यातून महिना १६ हजार हाती येतात. म्हणजे दरमहा ३६ हजार रुपये स्वतःच्या पगारातून या घरात घालायचे. ते घालण्याची ऐपत आणि तयारी असेल तर प्रश्न नाही. पण ‘घर स्वतःचा हप्ता स्वतः फेडतं’ हे वाक्य पुण्या-मुंबईत तरी विक्रीच्या माहितीपत्रकातच शोभतं. आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचं भाडं किमतीच्या साधारण दोन ते चार टक्क्यांच्या आसपास घोटाळतं आणि कर्जाचा दर त्याच्या दुपटीहून जास्त असतो. ही दरी भरून निघते ती किंमत वाढली तरच. म्हणजे भाड्याच्या नावाने आपण खरं तर भाववाढीवर पैसे लावत असतो. तसं लावायला हरकत नाही, मात्र ते डोळे उघडे ठेवून लावावेत, आणि भाव वाढेपर्यंत किती वर्षं दरमहा ३६ हजार भरू शकू हे नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावं.

या उदाहरणाच्या अगदी उलट टोकाला चाकणजवळची गावं आहेत. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथे कारखान्यांत आलेल्या कामगारांसाठी शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीवर ओळीने खोल्या बांधल्या. दहा बाय दहाची खोली, पुढे मोरी, शेवटी सामाईक संडास. जमीन वडिलोपार्जित, खर्च फक्त बांधकामाचा. त्यामुळे घातलेल्या पैशाच्या मानाने मिळणारं भाडं फ्लॅटवाल्याला हेवा वाटेल इतकं. वाळूजला, बुटीबोरीला, सातपूर-अंबडला थोड्याफार फरकाने हेच चित्र. शहरातला सल्लागार या गुंतवणुकीबद्दल कधी बोलत नाही, कारण त्यात त्याला विकायला काही नसतं. पण हा धंदा करणाऱ्याला विचारा, तो सांगेल की त्याची सकाळ टँकरच्या फोनने होते आणि महिन्याची दहा तारीख दारोदार फिरण्यात जाते. विजेचं मीटर एक आणि खोल्या वीस, मग युनिटचा दर मालक ठरवणार आणि भांडणं होणार. एनए झालेलं नाही, बांधकामाची परवानगी नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही आणि उद्या नियोजन प्राधिकरणाची नोटीस आली तर सगळंच अधांतरी. करार तर बहुतेक ठिकाणी होतच नाहीत. आधारची झेरॉक्स घेतली की झालं. पोलिसांना भाडेकरूंची माहिती देण्याचा नियम याही मालकांना लागू आहे. ती दिलेली नाही हे उघड होतं ते खोलीत काही गुन्हा घडल्यावर. या खोल्यांवरचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत लांबलं आहे. मला ते कापवलं नाही, कारण भाड्याच्या उत्पन्नावर खरोखर घर चालवणारी माणसं मला तिथेच भेटली.

बांधकाम चालू असलेलं घर घ्यावं का, याचं उत्तर मी एका ओळीतही देऊ शकतो: भाडं हवं असेल तर तयार घर घ्या. चालू बांधकामाला परवडणाऱ्या गटाबाहेर पाच टक्के जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्याला लागत नाही. आणि ताबा मिळेपर्यंत एक रुपया भाडं येत नसताना व्याज मात्र सुरू असतं. मे २०१७ पासून महारेरा आल्यामुळे ताब्याची जाहीर तारीख प्रत्येकाला पाहता येते. मात्र ती तारीख पुढेही ढकलली जाते.

सोसायटीशी संबंधित प्रश्नांत रागाचा सूर जास्त असतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी किती जादा पैसे घेऊ शकते? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने बिनवापर शुल्काला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि सेवाशुल्क मोजताना महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरलेली आहे. तरी भाड्याच्या दहा टक्के मागणाऱ्या कमिट्या आजही आहेत. ‘सेवाशुल्क’ आणि ‘भाडं’ या दोन रकमांतला फरक त्यांना कळत नसतो असं नाही. मालकाने आपली बाजूही स्वच्छ ठेवावी. कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच वेळेवर द्यावी, वार्षिक सभेला अधूनमधून तोंड दाखवावं. घर भाड्याने देऊन गायब झालेल्या सभासदाबद्दल कमिटीला प्रेम वाटत नाही, आणि गळतीच्या वेळी त्याच कमिटीची गरज पडते.

पुणेकरांसाठी आणखी एक. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते. ही गोष्ट हिशेबात धरायला हवी, आणि लपवायला तर मुळीच नको. मागची थकबाकी एकदम अंगावर येते.

आता राहायला येणाऱ्या माणसाबद्दल. ‘बॅचलर ठेवू का?’ ‘कुठल्या जातीचा-धर्माचा आहे ते विचारायचं कसं?’ ‘नॉनव्हेज खाणारे नकोत, हे करारात घालता येईल का?’ असले प्रश्न दबक्या आवाजात येतात. त्यांची उत्तरं मी दबक्या आवाजात दिलेली नाहीत. भाडेकरू निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: त्याच्या उत्पन्नात भाडं बसतं का, आधीच्या मालकाचा अनुभव काय आहे, आणि तो किती काळ राहणार आहे. बाकी चौकशा धंद्याच्या नाहीत. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला होता. खवळलेल्यांपैकी किती घरमालकांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या जाहिरातीत ‘ओन्ली फॅमिली, ओन्ली व्हेज’ लिहिलं होतं, याचा हिशेब कुणी मागितला नाही. नोकरी करणाऱ्या तीन मुली किंवा तीन मुलगे भाडं वेळेवर देतात, तक्रारी कमी करतात, आणि त्यांच्यातली एक गेली तर दुसरी शोधून आणतात. धंद्याच्या नजरेने बघितलं तर त्यांना नाकारणं म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवणं.

अनामत रकमेबद्दल पुस्तकात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, पण त्यांचं मूळ एकच: मालक ती स्वतःची समजून खर्च करतो. विशेषतः हेवी डिपॉझिट घेऊन भाडं नाममात्र ठेवण्याची मुंबईतली रीत. पाच-सात लाख घ्यायचे, ते मुलीच्या लग्नात किंवा कर्जाच्या हप्त्यात जिरवायचे, आणि भाडेकरू निघाला की पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटची वाट पाहत त्याला थांबवून ठेवायचं. तो घर सोडत नाही, मालक पैसे देत नाही, आणि दोघांचंही बरोबर असतं. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा, एवढाच सल्ला आहे. सोडताना होणारी कटकट मात्र येतानाच मिटवता येते: पंखे किती, दिवे किती, ओट्याला तडा आहे का, भिंतीचा रंग कसा आहे याची यादी आणि मोबाइलवर काढलेले फोटो दोघांकडे हवेत. रंगाचे पैसे कापणार असाल तर किती, तो आकडा करारात हवा. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडायची नाही. अत्यावश्यक सेवा बंद करायला १९९९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तसं केल्यावर खरा पीडित कोण, हे प्राधिकाऱ्यासमोर सांगणं मालकाला अवघड जातं.

करांचं प्रकरण तुलनेने छोटं आहे, कारण नियम छोटे आहेत आणि बदलत राहतात. मालकाने भरलेला मिळकतकर भाड्यातून वजा करायचा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मेंटेनन्स, रंग, दुरुस्ती यांची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. त्यानंतर कर्जावरचं व्याज. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज पाच लाखांच्या वर जातं आणि घरापासून तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत या तोट्यापैकी दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वळता होतो. नव्या प्रणालीत पगारातून काहीच वळता होत नाही. ‘कर वाचतो म्हणून दुसरं घर घ्या’ हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा की तो कुठल्या प्रणालीबद्दल बोलतो आहे.

परदेशातल्या मराठी मालकांच्या घरात राहणारे भाडेकरू नेहमी एका गोष्टीत फसतात. निवासी मालक असेल तर महिन्याला पन्नास हजारांच्या वरच्या भाड्यावरच व्यक्तीला टीडीएस कापावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो दोन टक्के आहे. मालक अनिवासी असेल तर भाडं पंधरा हजार असलं तरी कापावा लागतो, आणि दर ३० टक्के अधिक उपकर. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक काढावा लागतो. हे ऐकूनच चांगले भाडेकरू काढता पाय घेतात. मालकाने प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला आणून ठेवला, भाडं एनआरओ खात्यात घेतलं आणि इथल्या विश्वासू माणसाला नोंदलेलं कुलमुखत्यारपत्र दिलं, तर गोष्टी सुरळीत चालतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना दर महिन्याला भाड्यासाठी फोन करायला लावणं ही व्यवस्था नव्हे.

काही विषय मी बाहेर ठेवले आहेत. दुकानं आणि गाळे यांचे करार वेगळ्या धर्तीचे असतात; मोठ्या कंपन्यांना दिलेल्या जागांना तर १९९९ चा कायदाच लागू नाही. पीजी चालवणं हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. गोव्यात फ्लॅट घेऊन पर्यटकांना आठवडा-आठवड्याने द्यायची कल्पना सध्या मुंबई-पुण्याच्या डोक्यात शिरली आहे, पण तिथे महाराष्ट्राचा भाडेकायदा चालत नाही, आणि पर्यटकांना जागा द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. त्याचं गणितही हंगामी हॉटेलचं आहे, घरभाड्याचं नाही.

एरियाचं प्रकरण शेवटी आहे असं वर म्हटलं. त्यात मी एकाही वस्तीची शिफारस केलेली नाही. २०२० मध्ये आयटी कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि हिंजवडी-वाकड पट्ट्यातले फ्लॅट पटापट रिकामे झाले. एकाच प्रकारच्या नोकरदारांवर अवलंबून असलेल्या वस्तीत घर असणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. म्हणून त्या प्रकरणात पाहण्यासारख्या गोष्टी दिल्या आहेत: उन्हाळ्यात टँकर किती लागतात, त्याचा मेंटेनन्समध्ये वाटा किती, त्याच इमारतीत किती घरं रिकामी आहेत, वॉचमन कुणाचा फोन नंबर देतो. शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. रिकाम्या घरांची खरी यादी एजंटपेक्षा वॉचमनकडे असते.

ज्यांनी अजून घर घेतलेलं नाही त्यांनी हिशेबाचे तक्ते पेन्सिलने भरून मगच पुढे जावं. ज्यांचं घर आधीच भाड्याने गेलं आहे त्यांनी कराराच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. नोटरीचा कागद असलेल्यांनी त्यातलं पहिलं उत्तर आजच वाचावं. दर आणि टक्केवाऱ्या दर अर्थसंकल्पात हलतात, त्यामुळे सही करण्याच्या दिवशी त्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आणि आपल्या कर सल्लागाराकडे पुन्हा तपासून घ्याव्यात.